आधी पापी, मग पुण्यवान

इस्पितळाच्या संगणक विभागात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. कारकून, परिचारिका, झालंच तर लिफ्टवाला, सगळे एकाच पडद्याकडे डोळे लावून उभे. पडद्यासमोर वेगबुवा. धंद्याने सल्लागार, पण त्यांचा नुसता हात लागला की संगणकाचा कोड दहापट पळतो अशी ख्याती, म्हणून हे नाव.

"आधी पापी कोड!" बुवा गरजले. जुना कोड रुग्णांचे अहवाल शोधू लागला. चाळीस सेकंद. बुवांनी डोळे मिटून कीबोर्डवर तळहात टेकवला, एक ओळ लिहिली. "आता पुण्यवान!" चार सेकंद. लिफ्टवाल्याने हात जोडले. इतका वेग त्याच्या रोजच्या पाहण्यातला नव्हता.

"काका, उद्यापासून घरी आराम करा," विभागाचे साहेब जुना कोड लिहिणाऱ्या काकांना म्हणाले. काकांनी मान खाली घातली. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती.

कोडची चाचणी घेणाऱ्या ताईंना हे झोंबलं. त्या काकांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी बुवांची ओळ वाचली: 'वेग येवो, वेग राहो.' नुसती कॉमेंट! माणसांनी वाचायची टीप. यंत्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे कोड जसाच्या तसा.

"बुवा, दर वेळी पापीच आधी का हो?"

"पाप धुतल्याशिवाय पुण्य फळत नाही, ताई."

"मग आज पुण्यवानाला पहिला मान." ताईंनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. आधी बुवांचा कोड: एकेचाळीस सेकंद. मग काकांचा: चार!

"नकारात्मक लहरी..." बुवा पुटपुटले.

"लहरी कसल्या डोंबलाच्या!" ताई म्हणाल्या. " चष्मा शोधायला आपण अख्खं घर पालथं घालतो. सापडल्यावर लगेच कुणी पुन्हा विचारलं, तर हात थेट नाकाकडे जातो. पहिल्या खेपेला यंत्र अहवाल डिस्कवरून हुडकून आणतं; दुसऱ्या खेपेला ते मेमरीत हाताशीच असतात. यंत्र बंद केलं की ती मेमरी कोरी होते. पहिला जाईल तो हरेल!"

"काका, तुम्ही गप्प का बसलात?" साहेब ओशाळून म्हणाले.

"आकडे समोर होते, साहेब. मलाही खरंच वाटलं."

"उद्या नेहमीच्या वेळेला या."

घड्याळ खोटं बोललं नव्हतं. ते सुरू होण्याआधी यंत्राला काय ठाऊक होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा असा वेग दिसला, तर हात जोडण्याआधी दोघांना सारखी सुरुवात द्या, क्रम उलटा करा, पाच-सात वेळा मोजा. चमत्कार खरा असेल तर तोवर थांबेल.

बुवा थांबले नाहीत.