गाडीनं हवा धरली

आमचे हे गेले ते गाडीतच. ओझरच्या कारखान्यातून पिंपळगावला घरी येताना छातीत कळ आली, तर यांनी फियाट शिस्तीत कडुनिंबाखाली घेतली, किल्ली काढून खिशात ठेवली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून गेले. मरतानासुद्धा माणसाची टापटीप सुटली नाही.

मग मी गाडी शिकले. रडत बसले असते तर झेंडू बाजारात कोण नेणार होतं? पहाटे एकटी फुलं घेऊन नाशिकला जायची, आणि मंगळवारी दुपारी सासूबाईंना, म्हणजे नवसाबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सत्त्याण्णवचा उन्हाळा होता. पहिल्याच मंगळवारी चढ संपता संपता गाडीनं आचके दिले आणि त्याच कडुनिंबाखाली बंद पडली.

"प्रफुल्ल, दमला का रे?" मागच्या सीटवरून आत्याबाई गेलेल्या लेकाला म्हणाल्या. मग त्याला घरचं सगळं सांगत बसल्या. गाय व्याली, विहिरीचं पाणी खाली गेलं. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "जा आता, बाबा." मी किल्ली फिरवली तर गाडी चालू. मागं वळून न बघता मी ती दामटली.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मी एकटी असताना मात्र एकदाही नाही. हळूहळू भीती गेली आणि राग यायला लागला. रोज पहाटे मी तिथून जाते, झाडापाशी मुद्दाम गाडी हळू करते, आणि हा माणूस आईसाठी तेवढा थांबतो. बायको काय वाटेवर पडली होती?

शेवटी गाडी अंबडला महेश मिस्त्रीकडे नेली. आत्याबाई बरोबर होत्याच. त्यानं बॉनेट उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, गाडीनं हवा धरली."

आत्याबाईंनी हात जोडले. "बघ सुवर्णा. मी काय म्हणत होते?"

"ती हवा नाय, आजी. पेट्रोलची वाफ." त्यानं बोट दाखवलं. "हा फिल्टर पंपाच्या पुढं बसवलाय, कार्बोरेटरच्या तोंडाशी, तापलेल्या इंजिनाला चिकटून. दुपारी चढाला आतलं पेट्रोल उकळतं, वाफ अडकते. गार झालं की गाडी चालू. पहाटे थंडाव्यात काय होत नाय. कोणी बसवला इथं?"

"यांनीच," मी म्हटलं. समोर असला की कचरा आलेला लगेच दिसतो, असं म्हणायचे. नळीवर यांच्या हातची तार होती, टोकं आत वळवलेली.

मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे आईसाठीही थांबत नव्हते. नुसतं ऊन होतं. महेशनं नवा फिल्टर पंपाच्या आधी, टाकीकडून येणाऱ्या नळीवर, इंजिनापासून लांब बसवला. जुनी तार आत्याबाईंनी मागून घेतली.

पुढच्या मंगळवारी गाडी कडुनिंबावरून सरळ निघाली. आत्याबाईंनी मागच्या काचेतून झाड दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

"थांबला नाही गं," त्या म्हणाल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "तू हाकललंस त्याला." त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत. डॉक्टरही राहिला. मी समजावून थकले.

मग दिवाळीच्या तोंडावरची एक पहाट. साडीवर यांचा शर्ट, वरून शाल, एवढा गारठा. मागं झेंडूच्या पाट्या, मी एकटी. कडुनिंब आला आणि आचका नाही, काही नाही, गाडी आपली संथ कडेला गेली आणि बंद झाली. मी उतरून बॉनेट उघडलं. फिल्टरला हात लावला. गारढोण होता, पेट्रोलनं काठोकाठ भरलेला.

परत येऊन बसले. मी काढली नव्हती, तरी किल्ली जागेवर नव्हती. माझ्याच खिशात होती.

"लय उशीर केलात," मी म्हटलं आणि पोटभर रडले. मग सगळं सांगितलं, आत्याबाईंनी सांगितलं नव्हतं ते. झेंडूला गिऱ्हाईक मिळायची वेळ टळून गेली.

घरी आत्याबाई ओट्यावर ती तार बोटाला गुंडाळत बसलेल्या. "थांबला होता का गं?" रोजच्यासारखं त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. हे एकट्या माझ्यासाठी थांबले होते.