फुंकरबाबाची पुडी आणि माझी मापवही

सकाळी सातलाच गोदामासमोर रांग लागलेली असायची. कुणी लंगडत, कुणी भिंतीला धरून, कुणी मुलाच्या पाठुंगळी बसून आलेलं. आत गादीवर फुंकरबाबा. चूर्णाची पुडी उचलायची, तिच्यावर फुंकर मारायची आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायची, एवढंच त्याचं काम. आणि खोटं कशाला बोलू, चार दिवसांनी तोच लंगडा काठीविना यायचा. सोडून दिलेल्या काठ्या मागच्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. नवी टांगली की लोक टाळ्या पिटायचे.

"सांध्यात काय शिरतं? वारा!" बाबा सांगायचा. "वाऱ्याला वाराच हाकलतो, म्हणून फुंकर! चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा भरला की समजा, कृपा झाली. पण दोन दिवस नागा पडला तर कोप होईल, मग माझ्याकडे रडत येऊ नका."

म्हणजे बरं झालं तर बाबामुळे, बिघडलं तर तुमच्यामुळे. धंदा करावा तर असा.

माझं शिवणकामाचं दुकान गोदामाच्या अगदी समोर. काजं-बटणं माझी थोरली बहीण करायची. तिच्या बोटांचे सांधे सुजू लागले आणि सकाळी सुई धरता येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, हा सांध्यांच्या दाहाचा आजार आहे, औषध लागू पडायला दोन-तीन महिने जातील. ताईने तीन आठवडे कळ काढली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मी कपाळावर हात मारून घेतला.

पाचव्या दिवशी ती सुईत दोरा ओवून माझ्या नाकासमोर नाचवत होती. "बोल आता, शहाण्या!" मी मशीन चालवत बसलो.

आठ महिन्यांनी मला बोलतं केलं ते माझ्या मापवहीने. 'जरा सैल करून द्या' म्हणणारी गिऱ्हाइकं फार वाढली होती. लोकांना सुबत्ता आली असेल, म्हणून आधी मी हसलो. मग वही चाळली. पोस्टमनची कंबर चार इंच वाढलेली, पण दंड पाऊण इंचाने उतरलेला. मुख्याध्यापिकाबाईंचं तेच, बेकरीवाल्याचंही तेच. माणूस लठ्ठ झाला तर दंडही भरतात. ही माणसं मध्ये फुगली होती आणि हातापायांनी वाळली होती. कॉलर बसेना, कारण मानेमागे उंचवटा आलेला. आणि सगळी सकाळच्या रांगेतली. शेवटी ताईच्या दंडाला टेप लावली, तर तोही इंचभर उतरलेला. वर हातावर निळे डाग.

"हे कशाने?"

"टेबलाला घासलं असेल रे."

माझं डोकंच फिरलं. घरातल्या सगळ्या पुड्या मी गटारात ओतल्या आणि मोठा पराक्रम केल्यासारखे हात झटकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई दुकानाच्या पायरीवर कोसळली. ओकाऱ्या थांबेनात, उभं राहवेना. रांगेतून एकच गलका उठला, "कोप झाला! कोप!" बाबा पुडी घेऊन रस्ता ओलांडून आला. "अजून वेळ गेलेली नाही. भावाने माफी मागावी."

"माग ना रे," ताई पुटपुटली.

आज कबूल करतो, पुडी घ्यायला माझा हात पुढे गेला होता. पण बाबाच्या ओठांवर हसू दिसलं आणि मी ताईला उचलून गाडीत घातलं. मापवही आणि तिची दोऱ्यांची पेटीही घेतली, कारण पेटीत तिने एक पुडी लपवली होती हे मला आदल्याच दिवशी दिसलं होतं.

डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, मापवही पाहिली, पुड्यांची हकिगत ऐकली आणि विचारलं, "पुड्या कुणी थांबवल्या?"

"मीच!"

"शाबास. जीव गेला असता तिचा."

मी पेटीतली पुडी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"चूर्णात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या असणार, त्याही भरमसाट," त्या म्हणाल्या. "सूज झटक्यात उतरते ती त्यांनी, फुंकरीने नाही. असंच द्रव्य आपलं शरीर स्वतः बनवतं. महिनोन् महिने बाहेरून मिळालं की शरीर बनवायचं सोडून देतं. मग एकदम थांबवलं की रक्तदाब कोसळतो. हाच तुमच्या बाबाचा कोप. आणि फुगलेलं तोंड ही त्याची कृपा!"

"मग आता इंजेक्शन कसलं दिलंत?"

"स्टेरॉइडचंच. औषध वाईट नाही हो, ते चोरून खाऊ घालणारा वाईट. दम्याच्या झटक्यात याच्यावर माणसं वाचतात. पण गरजेपुरतं द्यायचं, साखर, रक्तदाब, हाडं तपासत राहायचं, आणि बंद करायचं ते पायरीपायरीने."

पुडी तपासणीला गेली आणि त्यांचा अंदाज खरा ठरला. पोलिसांना गोदामाच्या मागच्या खोलीत मिक्सर सापडला आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची दोन पोती. बाबा मागच्या दाराने पळाला, पण गुडघा दुखत असल्याने कोपऱ्यापर्यंतच पोचला. खिशात डॉक्टरबाईंच्याच दवाखान्याची चिठ्ठी होती. स्वतःच्या गुडघ्यावर फुंकर मारायचं त्याला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सील ठोकलेल्या दारासमोर रांग होतीच. मी मापवही घेऊन पायरीवर उभा राहिलो.

"पुड्या बंद झाल्या म्हणून घरी बसू नका! माझ्या ताईसारखे कोसळाल. आजच दवाखान्यात चला, आणि किती महिने घेतल्या ते खरं सांगा."

"पण आम्हाला बरं वाटलं होतं ना?" पोस्टमन कळवळून म्हणाला.

"वाटलंच होतं. कशाने वाटलं, एवढं विचारलं का?"

मग पोस्टमनच आधी निघाला आणि बाकीचे त्याच्यामागे.

ताईची स्टेरॉइडची गोळी आता हळूहळू कमी होते आहे. डॉक्टरबाईंचं आधीचं औषध पुन्हा सुरू केलं, तेही लागू पडलं आहे. दिवसाला चारच काजं होतात, पण होतात. आणि मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगतो. बाबांनो, साध्या सदऱ्यासाठी तुम्ही मला नऊ मापं घ्यायला लावता, कापडाचं नाव विचारता, ते चोळून बघता. पोटात जाणाऱ्या औषधाचं निदान नाव आणि माप तरी विचारत जा.