छर्रा उंदरासाठीच

जावयाने परसातल्या उंदरांसाठी हवेची बंदूक घ्यायचे ठरवले आहे, ही बातमी सासूबाईंना लेकीकडून कळली. आणि जी गोष्ट जावई समोरासमोर न सांगता लेकीकरवी कळवतो, तिच्यात कुठेतरी पाणी मुरत असते, असे त्यांचे ठाम मत होते.

उंदीर होते, हे त्या नाकारत नव्हत्या. कोंबड्यांच्या खुराड्याखाली त्यांनी बोगदे पाडले होते, दाण्याचे पोते कुरतडून त्याची चाळण केली होती, आणि अलीकडे तर भरदिवसा मोरीच्या भोकातून डोके काढून घरात कोण आहे, कोण नाही, याचा अदमास घेण्याइतके ते निर्ढावले होते. विष घालायला सासूबाईंनीच बंदी केली होती. दवाखान्यात औषधे मोजून देण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि विष ज्याच्या पोटात जाते त्याच्यापाशी थांबत नाही, त्याला खाणाऱ्याच्या पोटातही जाते, हे त्या प्रत्येकाला ऐकवत. या घरात उंदीर खाणारा एकच होता: मुकादम. हे त्यांच्या बोक्याचे नाव. कुणाचेही काम चालू असले की शेजारी बसून देखरेख करायची आणि स्वतः काडीही हलवायची नाही, या गुणावरून ते पडले होते.

जावयाचे आणि मुकादमाचे हाडवैर होते. जावई वजनकाटे तपासणारा निरीक्षक. त्याच्या कातडी पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळेची प्रमाण वजने बसवलेली असत, आणि पेटी उघडी दिसली की मुकादम त्या मखमलीवर ताणून देत असे. एकदा भर बाजारात निरीक्षकसाहेबांनी पेटी उघडली, तर वजनांना पिवळे केस चिकटलेले. काट्यामागचा व्यापारी गंभीर चेहऱ्याने म्हणाला होता, "साहेब, केसांचं वजन धरायचं की वजा करायचं?" त्या दिवसापासून जावई बोक्याचे नावही उच्चारत नसे. 'ते जनावर' एवढेच म्हणे.

पण सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती या जुन्या वैरामुळे नव्हे. गेल्या महिन्यात कोंबडीची पिल्ले नाहीशी होऊ लागली, तेव्हा जावई म्हणाला होता, हे त्या जनावराचे काम; सासूबाई म्हणाल्या होत्या, उंदरांचे. वाद चांगला रंगला होता. जावई मुद्दा सोडणाऱ्यांतला नव्हता. मिठाच्या चमच्यावरूनही तो जेवण थंड होईपर्यंत युक्तिवाद करी. आणि तोच मनुष्य एके सकाळी म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, आई. उंदीरच असणार." एवढे बोलून तो अंघोळीला गेला. वाद घालणारा माणूस विनाकारण हार मानतो, तेव्हा तो वाद दुसऱ्या मार्गाने जिंकायचे ठरवून बसलेला असतो. पाठोपाठ ही बंदूक.

"मीही येते दुकानात," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही कशाला उन्हातान्हाची दगदग करता?"

"घरात वस्तू यायची तर मला बघायला नको?"

दुकान कुलपांचे, मासे धरायच्या गळांचे आणि हवेच्या बंदुकांचे होते. दुकानदार जाडजूड, हसतमुख, आणि आपण फार विनोदी आहोत अशी खात्री असलेला. त्याने काउंटरवर बंदुका मांडल्या आणि पहिला प्रश्न केला, "शिकार कोणती?"

"उंदीर," जावई म्हणाला.

सासूबाईंना वाटले, फारच चटकन म्हणाला.

दुकानदाराने एक हलकी बंदूक पुढे सरकवली. नळी मधोमध मोडायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, की आतली स्प्रिंग ताणली जाते. "उंदरासाठी ही पुष्कळ झाली. बारीक छर्रा, नेम सरळ."

जावयाने बारीक छर्रा तळहातावर घेतला, मग शेजारच्या डबीतला जाड छर्रा घेतला, आणि दोन्ही हात वरखाली करून सवयीने तोलले. "जाड द्या. जे लागेल ते जागीच संपलं पाहिजे. अर्धमेलं होऊन कुठे तडफडत पडायला नको."

जे लागेल ते! 'जो' नव्हे. सासूबाईंनी ते शब्द मनात गाठीला बांधले.

"आणि आवाज?" जावयाने विचारले. "आवाज कमीत कमी हवा."

"का हो?" सासूबाई म्हणाल्या. "कुणाला कळू द्यायचं नाहीये?"

"कोंबड्यांना, आई. दचकल्या की अंडी घालायच्या बंद होतात."

उत्तर चोख होते. चोख उत्तरांनीच सासूबाईंचा संशय वाढत असे. दवाखान्यात झोपेच्या गोळ्या जास्त मागणाऱ्यांची उत्तरे नेहमी चोख असत.

"मारणार कुठून, आणि त्याच्या मागे काय आहे?" दुकानदाराने विचारले. "मागे काय आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला मी बंदूक देत नाही. माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, त्याचा शेजारी जाता कामा नये." आपल्या विनोदावर तो एकटाच हसला.

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या भिंतीपर्यंत. भिंतीपाशी मातीची पोती रचतो," जावई म्हणाला. "छर्रा पोत्यात रुतेल, उसळणार नाही."

मागची भिंत! खुराडे स्वयंपाकघराच्या पायरीला लागून होते. उंदीर खुराड्यात येत. भिंतीपाशी होता धुण्याचा दगड, आणि त्या दगडावर संध्याकाळचे कोवळे ऊन खात कोण बसत असे, ते घरातले पोरसुद्धा सांगू शकले असते, घरात पोर असते तर. सासूबाई काउंटरवर दोन्ही कोपरे टेकून पुढे झुकल्या.

"का हो दुकानदार, याने मांजर मरतं का?"

दुकानदाराचे हसू ओठांवरच वाळले. त्याने सासूबाईंकडे नव्हे, जावयाकडे पाहिले. आणि बराच वेळ पाहत राहिला.

"मांजरावर मारायची असेल, तर दुसरं दुकान बघा," तो म्हणाला.

जावयाचे कान लाल झाले. "उंदरासाठी आहे," तो खाली बघत म्हणाला. मग जरा थांबून, "जाड राहू द्या. बारीकच छर्रे द्या."

हे सासूबाईंनी ऐकले, पण त्याचा अर्थ त्यांनी भलताच लावला: पकडला गेलेला माणूस आता सारवासारव करतो आहे.

दुकानामागच्या बोळात दुकानदाराने बंदुकीवर दुर्बीण बसवली, जावयाने सांगितलेल्या अंतरावर पुठ्ठा लावला, आणि दुर्बिणीचे दोन स्क्रू फिरवत छर्रा नेमका फुलीच्या मध्यावर आणला. "हा वरचा स्क्रू नेम वरखाली करतो, हा बाजूचा डावीउजवीकडे. आता याला हात लावायचा नाही." जावयाने तीन-चारदा स्वतः मारून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. एकदा तपासून शिक्का मारलेल्या काट्यावर त्याचा पूर्ण विश्वास असे; पुढच्या तपासणीपर्यंत तो काटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सासूबाई मात्र त्या बाजूच्या स्क्रूकडे टक लावून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी जावई कचेरीत आणि लेक बाजारात गेल्यावर त्यांनी कपाटातून बंदूक काढली. त्यात छर्रा नव्हता, याची दोनदा खात्री केली. मग बाजूच्या स्क्रूचे टोपण काढून तो उजवीकडे फिरवला, अजून जरा फिरवला, टोपण लावले आणि पदराने बोटांचे ठसे पुसले. पोलीस येणार असल्यासारखे ठसे कशाला पुसतो आहोत, याचे त्यांचे त्यांनाच हसू आले. हिशेब सरळ होता: नेम चुकला की उंदीरही मरणार नाहीत, बोकाही मरणार नाही, चार दिवसांत जावई कंटाळेल आणि बंदूक अडगळीत जाईल.

त्या संध्याकाळी ऊन अजून भिंतीवर होते. जावई खिडकीत स्टूल टाकून बसला. लेक भाजी चिरत होती. सासूबाई त्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. मागच्या भिंतीपाशी, मोरीचे पाणी बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, एक थोराड उंदीर बाहेर आला आणि पोत्यांसमोर थबकला. तेव्हा त्यांना कळले की भिंतीबद्दल जावई खोटे बोलला नव्हता. उंदरांची वाट तीच होती.

आणि त्याच वेळी त्यांना दिसले की खिडकीतून बघताना उंदराच्या उजवीकडे, धुण्याच्या दगडाच्या सावलीत, पोट जमिनीला टेकवून, मुकादमही त्याच उंदरावर डोळा ठेवून बसला आहे.

"थांबा!" त्या ओरडल्या.

"मधे पुष्कळ जागा आहे, आई. ते जनावर दिसतंय मला," जावई हळूच म्हणाला, आणि बोट आवळले.

उंदीर मोरीत पसार झाला. बोका हवेत उडाला, किंचाळला, आणि मागचा पाय ओढत लाकडांच्या ढिगाखाली शिरला.

लेकीच्या हातातली सुरी खाली पडली. "शेवटी केलंतच ना तुम्ही! आई म्हणत होती ते खोटं नव्हतं!"

ढिगाखाली आडवा पडून जावयानेच बोक्याला बाहेर काढले, टॉवेलात गुंडाळले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर घट्ट धरून ठेवले. मांडीच्या कातडीखाली छर्रा हाताला लागत होता. सासूबाईंनी चिमटा उकळला, जखम धुतली, छर्रा काढून वाटीत टाकला, पट्टी बांधली. मुकादमाने जावयाच्या मनगटावर रक्ताच्या रेघा काढल्या होत्या. जावयाने पकड सोडली नव्हती.

"हाड वाचलंय," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी जनावरांच्या डॉक्टरला दाखवू."

"माझीच चूक," जावई म्हणाला. "हात हलला असणार."

"हात हलला!" लेक फणकारली. "वजनातला केसाएवढा फरक कळतो तुम्हाला, आणि हात हलला! मला मूर्ख समजता? उद्यापासून या घरात एक तर ही बंदूक राहील, नाहीतर मी."

जावयाने बायकोकडे पाहिले. तिचा विश्वास बसणार नाही, हे त्याच्या ध्यानात आले असावे, कारण या वेळी मनात कुठलाही डाव नसताना त्याने वाद सोडून दिला. सासूबाईंना आता एवढेच करायचे होते, की काहीच करायचे नाही. बंदूक घराबाहेर जाणार, बोका जगणार. त्यांना हवे होते ते सारे आपसूक पदरात पडत होते. फक्त लेक या माणसाकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर उद्या जाणार नव्हती, परवाही जाणार नव्हती.

"त्याचा हात हलला नाही," त्या म्हणाल्या. "स्क्रू मी फिरवला."

"काय?" लेक म्हणाली.

"दुर्बिणीचा. तुझ्या नवऱ्याने बंदूक मुकादमावर रोखली, तर नेम चुकावा म्हणून."

जावयाने मान वर केली. "कोणता? वरचा की बाजूचा?"

"बाजूचा. उजवीकडे."

"किती?"

"मोजलं नाही."

"तुम्ही?" त्याला पहिला धक्का स्क्रूचा नव्हे, याचा बसला. "तुम्ही मोजलं नाहीत?"

"नाही मोजलं. संताप आला होता."

तो खुर्चीवर बसला. "मीही एक छर्रा पोत्यावर मारून बघायला हवा होता. दुकानात तपासलं म्हणजे घरी बरोबरच असणार, असं धरून चाललो. असा काटा कुणी वापरला असता, तर मी जागेवर दंड केला असता त्याला."

"वाहवा!" लेक म्हणाली. "आता दोघं मिळून एकमेकांची तपासणी करा!"

सासूबाईंनी वाटी बाजूला सारली. "एक विचारते. खरं सांगायचं. मनात बोका होता की नव्हता?"

जावयाने ओरबाडलेल्या मनगटावरचे रक्त दुसऱ्या हाताने पुसले.

"होता," तो म्हणाला. "तुम्ही दुकानात विचारलंत, तोपर्यंत होता. तो माणूस माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिला ना... मग नाही."

या उत्तरावर सासूबाईंचा तत्काळ विश्वास बसला. खोटे बोलणाऱ्याने साफ 'नव्हता' म्हटले असते. आणि विश्वास बसला तसे त्यांना हेही उमगले की त्यांचे काम दुकानातल्या एका प्रश्नानेच झाले होते. त्यापुढे त्यांनी जे केले, त्याचे फळ ओट्यावर टॉवेलात कण्हत होते.

"बंदूक परत देऊन येऊ का?" जावयाने विचारले.

"उंदीर कुठे गेलेत? राहू द्या. उद्या ती पुन्हा बरोबर लावून घ्या, मी पुठ्ठा धरीन." त्या थांबल्या. "धरीन म्हणजे लांब उभी राहून बघीन. आणि संध्याकाळी बंदूक काढायच्या आधी मुकादमाला आतल्या खोलीत कोंडायचं. तुम्ही कोंडायचं, मी नाही."

"ओरबाडेल तो मला."

"ओरबाडू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याचे मनगट ओढून घेऊन त्यावर औषध लावू लागल्या. औषध झोंबणारे होते. सौम्य औषधाची बाटलीही कपाटात होती. ती त्यांनी काढली नाही.