टोच्याचं बारावं वाक्य

माझी ताई गेली नऊ वर्षं टोच्याचा आवाज आहे. टोच्या म्हणजे कार्टूनमधलं साळिंदराचं पिल्लू. भित्रं, तोंडाळ, पण मनानं साफ. पन्नाशीला टेकलेली ताई नाकातून जराशी हवा सोडून बोलली की तो डोळ्यांपुढे उभा राहतो.

मागच्या वर्षी मालिका एका खेळण्यांच्या कंपनीनं विकत घेतली. तेव्हापासून आधी खेळणी ठरत आणि मग गोष्टी. टोच्याला होडी मिळाली, मग विमान, मग अचानक एक जुळा भाऊ. ताई हसण्यावारी न्यायची. आपण आपलं काम करावं, म्हणायची.

मग बोलणारा बाहुला निघाला. पोट दाबलं की बारा वाक्यं बोलणारा. ताईनं अकरा वाक्यं एका दमात रेकॉर्ड केली. बारावं होतं, "मला एकटं वाटतं. माझ्या भावाला घेऊन ये ना." तिथं ती अडली. कंपनीच्या माणसानं समजावलं, वाक्य मालिकेतलंच आहे, त्यात वावगं काय?

"मालिकेत तो आईला सांगतो," ताई म्हणाली. "इथं चार वर्षांच्या पोरीला सांगणार. तिनं काय करायचं?"

हेडफोन काढून ती बाहेर आली. ते वाक्य त्यांनी दुसऱ्या कुणाकडून हुबेहूब त्याच आवाजात वदवून घेतलं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ताईला बरं वाटेल म्हणून लेकीच्या वाढदिवसाला मी तोच बाहुला आणला. आठवड्याभरात लेकीनं घर डोक्यावर घेतलं. भाऊ येईपर्यंत टोच्या जेवणार नाही, म्हणून तीही जेवेना.

ताई आली तेव्हा मी हे तिच्या कानावर घातलं. तिनं मला सगळी हकिगत सांगितली. मग भाचीला मांडीवर घेऊन ती टोच्याच्या आवाजात म्हणाली, "अगं, मी कुठं एकटा आहे? तू आहेस की."

लेकीनं तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तू आत्या आहेस," ती म्हणाली. "टोच्या हा आहे." आणि तिनं बाहुल्याचं पोट दाबलं.

त्या दिवशी ताई चहाही अर्धाच प्यायली.

दोन दिवसांनी मी हार मानली आणि दुकानातून टोच्याचा भाऊ आणला. ताईला फोन करून कबूल केलं. ती चिडेल असं वाटलं होतं.

"बरं केलंस. पोरगी जेवेल तरी," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "भाऊ काय बोलतो रे?"

त्याचं पोट दाबून बघायचा मला अजून धीर झाला नव्हता.