कमानीवरची सहा अक्षरं

"ब्योटशरबाई, तुमचे वडील प्यायचे का हो?" वीब्केने परांचीवरून विचारलं.

खाली मेणबत्त्यांचं थिजलेलं मेण खरवडत बसलेल्या हिल्ट्रुडने मानही वर केली नाही. "हे तुला लोरेन्त्सने सांगितलं असणार."

लोरेन्त्स म्हणजे मी. दोघींच्या मधे, पहिल्या बाकावर बसलो होतो.

"मी काही बोललो नाही," मी म्हणालो. "तिने विचारलं तेव्हा फक्त 'नाही' म्हणालो नाही."

"त्यालाच सांगणं म्हणतात."

"कुणी नाही सांगितलं," वरून वीब्के म्हणाली. "अक्षरंच सांगतायत. बाकीची ओळ कशी ऐसपैस बसलीये. आणि हा एकच शब्द बघा, भरल्या बसमध्ये उभं राहिल्यासारखा."

आमच्या चर्चच्या कमानीवर निळ्या रंगात एक ओळ आहे: 'मायभूमीच्या मुली, दार उघड.' त्यातला 'मायभूमी' हा शब्द चेंगरलेला आहे, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. रंगारी एवाल्ड ब्योटशरने शिडीवर चढण्याआधी चार घोट घेतले आणि अंदाज चुकला, अशी गावाची कथा. जर्मनीतल्या आमच्या थुरिंगियात एवढी कथा माणसाला पुरते. तेवढ्यावर तो सत्तर वर्षं गावात राहतो, घरी परत आलेला नसला तरी.

एवाल्ड परत आला नाही. एकोणीसशे त्रेचाळीसच्या नाताळात युद्धावरून रजेवर आला, दोन वर्षांच्या हिल्ट्रुडला खांद्यावर बसवून गावभर हिंडला, आणि पुढच्या उन्हाळ्यात रशियात कुठेतरी बेपत्ता झाला. हिल्ट्रुडला त्यातलं काही आठवत नाही. घरात त्याचा एकच फोटो. त्यात तो शिडीवर उभा राहून बेकरीची पाटी रंगवतोय. म्हणजे फोटोत आहे ती त्याची पाठ. ती पाटीही पुढे कम्युनिस्ट सरकारने बेकरी ताब्यात घेतली तेव्हा उतरवून जाळली. उरली ती कमानीवरची ओळ.

"हे बाबाने तुझ्यासाठी लिहून ठेवलंय," असं आई तिला सांगायची. मुली, दार उघड. मी येतोय.

आता एवढ्यावर कुणी आयुष्य काढतं का? हिल्ट्रुडने काढलं. पंचविसाव्या वर्षी तिने चर्चच्या किल्ल्या मागून घेतल्या. तेव्हाच्या सरकारला देव नको होता. चर्चमध्ये नोकरी धरणारी मुलगी गावाने वेड्यात काढली. लग्नाची दोन स्थळं आली, त्यातलं एक दुसऱ्या गावचं होतं म्हणून तिने नाकारलं. सेहेचाळीस वर्षं रोज सकाळी सात वाजता तिने तो जड दरवाजा उघडलाय. आत येतं कोण? हिवाळ्यात मांजर.

मी तीस वर्षं वर्तमानपत्रात थट्टेचं सदर लिहिलं. हिल्ट्रुडवर एकदा लिहायला बसलो होतो. तीन ओळी झाल्या आणि पेन बंद केलं.

तर त्या सकाळी वीब्के परांचीवरून खाली उतरली. तिशीतली पोरगी, जुनी भिंतचित्रं दुरुस्त करणारी, बोलायला फटकळ. पण हिल्ट्रुडसमोर येऊन ती नुसतेच हात पुसत राहिली, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचा वास आला.

"बाई, ते प्यायलेले नव्हते."

"मला माहीत आहे. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे ते. आई सांगायची."

"त्यांना जागाच चार अक्षरांची होती. ओळ त्यांची नाही. जुनी आहे, त्यांच्या जन्माआधीची. त्यात होतं, 'सियोनच्या मुली, दार उघड.' आपल्या जर्मन लिपीत सियोन चार अक्षरांत मावतं, मायभूमीला सहा लागतात. एकोणचाळीस साली ज्यूंचे सगळे शब्द चर्चमधून काढायचा हुकूम आला ना, त्या वेळचं आहे हे. भिंतीच्या कडेला पेन्सिलने तारीख आहे आणि ए. ब्यो. अशी सही."

हिल्ट्रुडने सुरी मेणात तशीच रोवून ठेवली. "म्हणजे 'दार उघड' त्यांचं नाही?"

"नाही."

"'मुली'?"

"तेही नाही. फक्त तो एक शब्द."

हिल्ट्रुडने वर कमानीकडे बघितलं.

"एक सांग," हिल्ट्रुड शेवटी म्हणाली. "वरून नुसता रंग फासलाय का? पातळ? म्हणजे नंतर कुणाला पुसता यावा असा?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला कळलं, वीब्केलाही कळलं. हो म्हणायला काही पैसे पडत नव्हते.

"नाही हो, बाई," वीब्के म्हणाली. "जुना शब्द छिन्नीने खोदून काढलाय, विटेपर्यंत. मग नवा गिलावा, घोटून घोटून. फार सुंदर काम आहे. मन लावून केलंय."

हिल्ट्रुडने मान डोलावली, आपल्या माणसाची कुणी स्तुती केल्यावर डोलावतात तशी. मग बहुतेक तिला आपण काय केलं ते कळलं. ती उठून मागच्या खोलीत गेली.

गुरुवारी दुपारी, तो शब्द ठेवायचा की काढायचा हे ठरवायला, चर्चच्या पंचांची बैठक भरली. निवृत्त माणसाला गाव कुठेतरी बसवतंच. मी पंचांत आहे. पाळकबाई आन्नेग्रेट, खाटीक ओटमार, मी आणि कॉफीची किटली घेऊन आलेली हिल्ट्रुड. तिला मत नसतं, किटली असते.

"मायभूमीत वाईट काय आहे?" ओटमारने विचारलं. "माझा बाप, आजा, सगळे त्या ओळीखाली बसले. कुणाला काही झालं का?"

"तुझ्या आज्यालाच सलामीला हात वर करायची हौस होती," मी म्हणालो.

"सगळ्यांचेच होते रे वर. तुझ्या आज्याचा काय खांदा दुखत होता?"

दुखत नव्हता. मी कॉफी ढवळली.

पाळकबाई भल्या. त्या म्हणाल्या, "शब्द राहू द्या, खाली एक पाटी लावू. खरं काय घडलं ते लिहू. हिल्ट्रुड, मी तुमचाही विचार करतेय. तेवढीच त्यांची खूण आहे तुमच्यापाशी."

हा आमच्या देशाचा आवडता तोडगा. पापाखाली पाटी लावली की शाळेच्या सहली येतात.

हिल्ट्रुडने किटली टेबलावर ठेवली. "मला तो शब्द आवडतो, पाळकबाई," ती म्हणाली. "लाज वाटते, पण अजूनही आवडतो. शेवटच्या अक्षराची शेपटी जरा वर गेलीये ना, सही करताना माझीही तशीच जाते. मला कुणी शिकवलं नव्हतं. परवापासून रोज ठरवते की वर बघायचं नाही, आणि प्रार्थनेला बसले की बघते. मी येशूकडे बघते असं तुम्हाला वाटत असेल. मी शेपटी बघते."

"मग राहू दे की, बाई," ओटमार एकदम मवाळ होऊन म्हणाला.

"गावात सियोनच्या मुली दोनच होत्या, ओटमार. कापडवाल्या सालिंगरच्या. माझ्या आईला परकर त्यांनीच शिवून दिलेला. बेचाळीसच्या मे महिन्यात त्यांना स्टेशनवर नेलं, सगळ्या गावाने पडद्याआडून बघितलं. शब्द तीन वर्षं आधीच गेला होता. माझ्या बाबांनी जागा करून ठेवली होती." तिने एप्रनचं टोक मुठीत धरलं. "त्या कमानीखाली मी रोज बाबांसाठी देवापाशी रडते. त्या दोघींसाठी तिथे अक्षरही नको? काढा तो शब्द."

मी हात वर केला. मग पाळकबाईंनी. ओटमारने जरा वेळ घेतला, पण त्यानेही केला.

सोमवारी वीब्केने छिन्नी काढली. आधी हिल्ट्रुड परांचीवर चढली. एकाहत्तराव्या वर्षी, मी खाली शिडी धरून. वर जाऊन तिने त्या शब्दावर पंजा टेकवला. शब्द पंजाहून फारसा मोठा नव्हता.

"कागद लावून छाप घेऊन देऊ का?" वीब्केने विचारलं. "दोन मिनिटांचं काम आहे. घरी ठेवा."

हिल्ट्रुडने इतका विचार केला की मला वाटलं, हो म्हणणार. मी मनातल्या मनात हो म्हणालोसुद्धा.

"नको," ती म्हणाली. "दे ती छिन्नी. पहिलं अक्षर मी काढते."

तिने एक काढलं, मग दुसरं, मग सगळीच. वीब्के नुसती तिचं कोपर धरून उभी होती. निळा भुगा माझ्या टोपीवर पडत होता, पण शिडी सोडता येत नव्हती. शेपटीपाशी ती थोडी थांबली. मग तीही गेली.

खाली उतरल्यावर आम्ही मागच्या खोलीत कॉफीला बसलो. ओटमारच्या बायकोने प्लमचा केक पाठवला होता. वीब्के सांगत होती की सियोन ती वेगळ्या, साध्या अक्षरांत लिहील, जुन्याची नक्कल करणार नाही. हिल्ट्रुड हो हो म्हणत होती.

"हात धुऊन घे," मी म्हणालो. "उजवा पार निळा झालाय."

"धुईन," ती म्हणाली.

केक तिने डाव्या हाताने खाल्ला. उजवा मांडीवर होता, उताणा, बोटं जरा मिटलेली.

"आणखी एक तुकडा?" वीब्केने विचारलं.

"दे," हिल्ट्रुड म्हणाली, आणि डावाच हात पुढे केला.