बारा शब्दांची झेरॉक्स

मी एक जुने झेरॉक्सचे मशीन आहे. बसथांब्यासमोरच्या छोट्या दुकानात भिंतीला पाठ लावून उभा असतो. माझ्या डोक्यावर पेनांचे खोके असते आणि खोक्यावर दुकानदार काकांचा चष्मा, जो काका दिवसभर इतरत्र शोधत असतात. मित्रांनो, आत्मवृत्त सांगताना आधी आपले कौतुक करून घ्यायचे असते. मीही थोडे करीन, कारण इतकी वर्षे राबल्यावर तेवढा मोह होतोच. पण मला जे सांगायचे आहे ते कौतुकाचे नाही. मला लपवायला तोंड नाही, नुसते झाकण आहे, याचेच आज बरे वाटते.

उद्या मला भंगारात देणार आहेत. म्हणून आजच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काच, आरसे, दिवा, रबरी रोलर आणि पोटात एक गोल चकती. काचेवर आलेल्या प्रत्येक कागदाचे चित्र त्या चकतीवर उमटून राहते. हे कोणाला ठाऊकच नसते. आधी मी एका कचेरीत होतो. तिथे नवे मशीन आले तेव्हा काकांनी मला स्वस्तात विकत घेतले आणि टेम्पोत गोधडी गुंडाळून आणले. पहिली कॉपी त्यांनी स्वतःच्या तळहाताची काढली. ती अजून दाराशी चिकटवलेली आहे.

मग माझे सुगीचे दिवस आले. परीक्षेच्या आधी मुलांची रांग थांब्यापर्यंत जायची. नोकरीचे अर्ज, दाखले, नकाशे, कोणाच्या तरी आजोबांचा जुना फोटो, सगळे माझ्यातून गेले. आणि प्रत्येक गिऱ्हाईक निघताना एकच वाक्य म्हणायचे, "एक जास्तीची असू द्या." कागद जितका महत्त्वाचा तितक्या कॉप्या जास्त. लोकांना त्यातच निर्धास्त वाटायचे.

माझी एक खोड होती, अडकण्याची. ऐन गर्दीत मी कागद गिळून बसायचो. काका डावीकडून एक थाप मारायचे, मग मी सोडायचो.

"काका, याला आता पेन्शन द्या," गिऱ्हाईक म्हणायचे.

"आधी मला मिळू दे, मग याचं बघू," काका म्हणायचे.

पण माझ्या प्रामाणिकपणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. समोर ठेवाल ते जसेच्या तसे देतो, वाचत नाही, विचारत नाही. मला याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

काका काटकसरी माणूस. बिघडलेली कॉपी त्यांनी कधी फेकली नाही. एका बाजूने छापलेले, दुसऱ्या बाजूने कोरे असे पाठकोरे कागद ते माझ्या शेजारी रचून ठेवायचे. कोणी म्हणाले, "साधा कागद चालेल, स्वस्तात द्या," की त्या गठ्ठ्यातले कागद माझ्या ट्रेमध्ये जायचे. सगळे खूश.

आमच्या भिंतीपलीकडे शिवणमावशींचे दुकान आहे. चेन बदलणे, पँट आखूड करणे, उसवलेले शिवणे ही त्यांची कामे. सगळा रस्ता त्यांना मावशी म्हणतो, फक्त काका ताई म्हणतात. त्यांच्या पायमशीनची खडखड भिंतीतून माझ्या पाठीला जाणवायची. अलीकडे ती मधेच थांबायची, कारण मावशींचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले होते. त्यासाठी त्या कित्येक वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होत्या.

त्यांचा एक भाचा बोटीवर काम करतो. त्याने त्यातल्या निम्म्या पैशांचे त्यांना बिटकॉइन घेऊन दिले. एके दुपारी मावशी लंगडत आमच्याकडे आल्या. हातात वहीचा एक कागद होता. त्यावर एक ते बारा आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे एक इंग्रजी शब्द.

"हे काय, ताई? शब्दार्थ पाठ करताय होय?" काकांनी विचारले.

"चेष्टा नको, भाऊ. तिजोरीची किल्ली आहे ही. मोबाईल हरवला तरी या बारा शब्दांवरून पैसे परत मिळतात. पण शब्द ज्याच्या हाती, पैसेही त्याचेच. भाच्यानं बजावलंय, कोणाला दाखवायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, मोबाईलमध्ये लिहायचे नाहीत."

"मग इथं कशाला आणलात?"

"फोटो काढू नको म्हणालाय. झेरॉक्स काढू नको असं कुठं म्हणाला? असला कागद एकटा ठेवायचा म्हणजे जिवाला घोर. तुम्ही फक्त वाचू नका."

काकांनी खरेच मान वळवून कागद माझ्या काचेवर ठेवला. त्या दिवशी निदान मी तरी अडकायचे होते. पाचवीच्या मुलाची चित्रकला मी गिळली होती, एका वकिलाचा करारनामा गिळला होता. त्या दिवशी मात्र रोलर लोण्यासारखे फिरले. पहिली कॉपी काळपट आली. काकांनी ती सवयीने बाजूला ठेवली. पुढच्या दोन झकास आल्या.

"आज शहाण्यासारखं वागलं हो तुमचं मशीन," मावशी म्हणाल्या. मी सुखावलो. तेच सुख आता मला टोचते.

बाजूला ठेवलेली ती काळपट कॉपी पाठकोऱ्या गठ्ठ्यात गेली होती. त्या कागदाच्या डोक्यावर मावशींनी स्वतःच ठळक अक्षरांत लिहून दोनदा अधोरेखित केले होते, 'बिटकॉइनचे बारा शब्द. कोणालाही दाखवू नयेत.'

दोन-तीन दिवसांनी बसची वाट बघणाऱ्या कोणीतरी स्वस्तातल्या चार कॉप्या मागितल्या. गठ्ठा ट्रेमध्ये गेला. एक कागद रोलरमधून जाताना मला ओळखीचा वाटला. त्याच्या पाठीवर बारा ओळी होत्या. मी थांबलो नाही. वाचणे माझे काम नाही, असे स्वतःला सांगितले आणि कोऱ्या बाजूवर बसचे वेळापत्रक छापून दिले. ते कोणी नेले, त्याच्याकडून ते कोणाकडे गेले, मला माहीत नाही. मी माणसांचे चेहरे बघत नाही, फक्त कागद बघतो.

पंधरा दिवसांनी एका सकाळी भिंतीपलीकडची खडखड थांबली आणि दिवसभर सुरूच झाली नाही. दुसऱ्या दिवशी सुरू झाली, पण थांबत थांबत, जणू शिवता शिवता कोणी दुसरीकडेच बघते आहे. काकांनी विचारले तर मावशी म्हणाल्या, "गुडघा हो." आठवडाभर गुडघाच.

मग एकदा काका जेवायला निघण्याच्या वेळी त्या आल्या. ओळखपत्र पुढे केले. "दोन्ही बाजू काढून द्या. पटकन."

मी कागद ओढला आणि गिळला. काकांनी डावीकडून थाप मारली. मी सोडला नाही. दुसरी मारली, तरी नाही. काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली बसले, आणि हात कामात गुंतले की माणूस विचारतो तसे त्यांनी विचारले, "ओळखपत्र कशाला लागलं, ताई?"

"असंच."

"असंच कोणी ओळखपत्र देत नाही."

मावशी स्टुलावर बसल्या. पदराचे टोक पिळले. मग म्हणाल्या, "भाऊ, माझे बिटकॉइन गेले. सगळे. मी मोबाईल उघडला तर तिथं शून्य."

काकांचा हात माझ्या पोटातच थांबला.

"भाच्याला सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगू? तो म्हणेल, एवढं बजावलं होतं. मी इंटरनेटवरच्या एका गटात विचारलं, कोणी मदत करील का. दहा मिनिटांत एका साहेबांचा मेसेज. गेलेले परत आणून देतात म्हणे. ओळखपत्र हवं आणि आधी फी भरायची. ऑपरेशनचे बाकीचे पैसे आहेत त्यातून भरणार होते. कोणाला सांगू नका म्हणालेत, नाहीतर काम बिघडेल."

"ताई, तो साहेब नाही, तो दुसरा चोर आहे. बिटकॉइन एकदा गेलं की परत ओढून आणणारा कोणी मॅनेजर नसतो, मागे तुम्हीच मला सांगितलंत. मग हा कुठून आणणार?"

"मग मी करू तरी काय?"

"किल्ली लपवायची असते. चोरी झालेली लपवायची नसते. लावा भाच्याला फोन."

फोन लागला. भाचा रागावला नाही. एवढेच म्हणाला, "मावशी, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?" त्या साहेबाला उत्तर द्यायचे नाही, मेसेज पुसायचे नाहीत, पोलिसांकडे तक्रार करायची, हे त्याने सांगितले. मग विचारले, शब्द कुठे ठेवले होते. मावशींनी झेरॉक्सचे सांगितले.

काकांचा चेहरा उतरला. ते गठ्ठ्याकडे गेले आणि एकेक कागद उलटून पाहू लागले. शेवटचा कागद उलटला तेव्हा ते खालीच बसले.

"ताई, पहिली कॉपी काळपट आली होती. मी ती इथं ठेवली होती. आता ती नाही."

मावशी त्या गठ्ठ्याकडे बघत राहिल्या. काका मान वर करेनात. आणि त्या दोघांच्या मध्ये मी होतो, ज्याने ते शब्द समोरून छापले आणि मागूनही कामाला लावले.

माझे न अडकणे मावशींना महागात पडले आणि अडकण्याने उरलेले वाचले. तुम्ही म्हणाल, दुसऱ्या वेळी तरी शहाणा झालास. खरे सांगू? ते मी मुद्दाम केले की माझा रोलर झिजला होता, हे माझे मलाच कळलेले नाही. फुकटचे श्रेय घेण्याइतका निर्लज्ज मी उरलेलो नाही.

गेलेले पैसे मिळाले नाहीत. ऑपरेशन लांबले. काका आता बिघडलेला कागद बारीक तुकडे करून टाकतात आणि दाराशी, त्या तळहाताच्या खाली, पाटी लागली आहे, 'पासवर्ड आणि बारा शब्दांची झेरॉक्स मिळणार नाही.' कोणी विचारले, बारा शब्द कसले, की काका भिंतीकडे बोट दाखवतात. भिंतीपलीकडून मावशीच हाक मारतात, "इकडे या, मी सांगते." आणि सगळे सांगतात, स्वतःची चूकही.

मला भंगारात देऊन जे पैसे येतील त्यातून काका मावशींच्या मशीनला विजेची मोटर बसवणार आहेत. मग पाय चालवावा लागणार नाही. पण भाच्याने फोनवर एक विचारले, "काका, त्याच्या पोटातली चकती काढली का? त्यात सगळ्यांचे कागद असतील." काकांनी ती काढलीच नव्हती. जुना मोबाईल असो, कॉम्प्युटर असो की माझ्यासारखा खटारा, देऊन टाकण्याआधी त्याच्या आठवणी पुसायच्या असतात, हे त्यांना तेव्हा कळले. तुम्हाला आत्ताच कळले, तेवढे बरे झाले.

उद्या सकाळी मिस्त्री ती चकती काढतील, मग ती हातोडीने फोडायची आहे. मावशी म्हणाल्या, "हातोडी मी मारणार. गुडघा दुखतो माझा, हात नाही."

त्यानंतर मला काही आठवणार नाही. तुमचे दाखले नाहीत, नकाशे नाहीत, ते बारा शब्दही नाहीत. मित्रांनो, तुम्हाला मात्र आठवू दे. जे कोणाला दाखवायचे नसते, ते मुक्या मशीनलाही दाखवू नका. आणि फसलात, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा. मान खाली घालून बसायला मी आहे ना.

मावशींनी जोरात मारावी, एवढेच मला वाटते.