सव्वीस आणि पाच

कायदा असा होता, की कारखान्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तर मालकानं पाळणाघर द्यायचं. आमच्या चिंचवडच्या स्विचच्या कंपनीत १९७८ साली लाइनवर आम्ही सव्वीस जणी होतो. माझी वैशाली तेव्हा सात महिन्यांची. सासूला दिसायचं कमी झालेलं. पाळणाघर झालं नाही तर मला नोकरी सोडून घरी बसावं लागणार, हे उघड होतं.

"झाडूवाल्या पाच आहेत की," आमच्या पुढारी कौशल्याबाई म्हणाल्या. "प्रभावती, तुझ्याच वस्तीतल्या ना त्या? घे त्यांचे अंगठे अर्जावर."

त्या पाच जणी ठेकेदाराच्या. कासारवाडीला माझ्या घरामागंच राहायच्या, आम्ही सगळी बौद्ध. मी नववी शिकले म्हणून लाइनवर, त्या शाळेत गेल्या नाहीत म्हणून झाडू, एवढाच काय तो फरक. अंगठा उठवताना तानुबाईनं विचारलं, "माजं पोरगं बी ठिवून घेत्याल न्हवं?" आपलं दहा महिन्यांचं पोर ती पंपाच्या खोलीशेजारी झोळीत टाकून झाडायला जायची.

"घेतील म्हणजे काय! त्यासाठीच तर चाललंय," मी म्हटलं.

अर्ज पास झाला. एक खोली रंगवली, सहा पाळणे आले, आया आली. पहिल्या दिवशी तानुबाई पोराला घेऊन आली, तर कौशल्याबाई दारातच उभ्या. "तुम्ही ठेकेदाराच्या. ठेकेदाराला सांगा." आत दोन पाळणे रिकामे होते. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, हे बरोबर नाही. तर माझा हात दाबून म्हणाल्या, "तुझी राहू दे गं. तू त्यांच्यातली वाटतसुद्धा नाहीस."

हे त्या कौतुकानं म्हणाल्या. मला मुस्काटात बसल्यासारखं झालं, आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. वैशालीला पाळण्यात ठेवलं आणि मी कामाला लागले.

पंधरा दिवसांनी फॅक्टरी इन्स्पेक्टर तपासणीला आले. मॅनेजरला हा खर्च नकोच होता, आकडा कमी भरला की दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. आम्ही सव्वीस जणी पाळणाघरासमोर रांगेत उभ्या राहिलो. झाडूवाल्या पाची जणी पंपापाशी बसून. हलायला तयार नाहीत.

कौशल्याबाई माझ्या कानाशी आल्या. "जा, बोलावून आण. तुझीच माणसं आहेत ना?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गेले, कारण वैशाली आत झोपली होती.

तानुबाई पोराला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कुणाकडनं आलीयास, प्रभे? त्यांच्याकडनं का आमच्याकडनं?"

मी तशीच परत फिरले.

"अर्जावर एकतीस आहेत," इन्स्पेक्टर म्हणाले. "बाकीच्या पाच कुठायत?"

नोकरी गेली असं धरूनच मी बोलले. "साहेब, आम्ही सव्वीसच. त्या पाच ठेकेदाराच्या. त्यांची पोरं इथं चालत नाहीत, तर त्यांचे अंगठे कसे चालतात?"

मॅनेजरचा चेहरा खुलला. इन्स्पेक्टरनी मात्र चष्मा काढला. "ठेकेदाराच्या असल्या तरी कामगार इथल्याच. त्यांना मोजायचं तर पोरंही घ्यायची. बोला, काय करता?"

कौशल्याबाईंचाही धाकटा आतच होता. त्यांनी पदर खोचला आणि स्वतः पंपाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा तानुबाईचं पोर त्यांच्या कडेवर होतं आणि तोंड एरंडेल प्याल्यासारखं. मागून पाची जणी.

"मोजा," त्या म्हणाल्या. "एकतीस."

तानुबाईनं पोराला पाळण्यात निजवलं. मला वाटलं, आता बाहेर येऊन दोन गोड शब्द बोलेल. ती माझ्यासमोर थांबली.

"हेच त्या दिशी बोलाया काय झालं व्हतं?" ती म्हणाली. "पंदरा दिस माजं पोर पंपापाशी रडत व्हतं. तुला आयकू येत न्हवतं व्हय?"

येत होतं. लाइनवरच्या माझ्या जागेपासून पंपाची खोली दहा पावलांवर होती.